ऊब राखणारा भुईकोंबडा

पूर्वी दक्षिण समुद्राकाठच्या ताम्रकूट नगरात भद्रसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या राज्याच्या टोकाला, बारा महिने ओल्या राहणाऱ्या घनदाट अरण्यात भुईकोंबडा होऊन जन्मला होता.

हा पक्षी तेव्हाही फार थोड्यांच्या दृष्टीस पडे. आकाराने गावठी कोंबडीएवढा, रंग भिजलेल्या पाचोळ्याचा, मान बारीक आणि पाय मात्र अंगाला न शोभणारे मोठे. त्याला पंख होते, पण नावापुरते. जन्मभर तो जमिनीवरच वावरे. त्या मोठ्या पायांनी तो पाचोळा आणि माती मागे ढकलत राही आणि माणसाच्या छातीइतका उंच ढीग घाली. आतला ओला पाचोळा कुजू लागला की ढीग तापे. त्या उबेत पक्षीण आपली अंडी पुरून ठेवी. अंड्यांवर कोणी बसत नसे. नर मात्र रोज ढिगात चोच खुपसून ऊब किती आहे ते पाही. जास्त झाली तर वरची माती बाजूला सारी, कमी झाली तर नवा पाचोळा ओढून आणी. एक दिवस चुकला तरी आतली अंडी जात. साऱ्या अरण्यात असे सात-आठच ढीग होते, आणि बोधिसत्त्वाचा ढीग त्यांत सर्वांत आत, नदीपलीकडे होता.

अरण्याच्या कडेला वेत तोडणाऱ्यांचे गाव होते. तिथे पिंगिय नावाचा माणूस राही. तो कामसू होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या बायकोचे नाव उप्पली. दोघांचे बरे चालले होते.

एकदा वेताचा भारा डोक्यावर घेऊन नदी उतरताना पिंगियाचा पाय घसरला. पाण्याला ओढ होती. सोबत्यांनी आरडाओरडा केला, काठाने धावले, पण त्यांच्या हाती फक्त भारा लागला. पिंगिय मात्र दूर खाली एका झाडाच्या मुळ्यांना अडकला आणि कसाबसा पलीकडच्या काठावर चढला. घोटा दुखावला होता. पाऊस थांबत नव्हता. विस्तव पेटवावा तर एक काडी कोरडी नाही. दोन दिवस तो सरपटत राहिला. अंगभर जळवा लागल्या. तिसऱ्या दिवशी त्याचे दात वाजायचेही थांबले, आणि मग त्याला कळले की आपण मरतो आहोत.

तेवढ्यात पाचोळ्यात पावले वाजली.

"भल्या माणसा, थोडे सरकता येईल का?" बोधिसत्त्व म्हणाला. "वीस हातांवर ऊब आहे."

पिंगियाने डोळे उघडले तर समोर कोंबडा बोलतो आहे. "मी मेलोच म्हणायचे," तो पुटपुटला.

"अजून नाही. पण पडून राहिलास तर मरशील."

पिंगिय कोपरांवर सरपटत ढिगापाशी गेला. बोधिसत्त्वाने पायांनी ढीग एका बाजूने उकरला. आतून वाफ आली. आत नऊ अंडी होती. ती त्याने चोचीने ढकलून एका कडेला घेतली आणि माणूस मावेल एवढी जागा केली. पक्षीण दोन पावले मागे उभी राहून हे पाहत होती. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

पिंगिय छातीपर्यंत त्या गरम मातीत शिरला. बोधिसत्त्वाने त्याच्यावर पाचोळा ओढला. अंगात ऊब शिरू लागली तसा तो लहान मुलासारखा रडला.

बारा दिवस झाले तेव्हा त्याला पायावर उभे राहता आले. इतके दिवस ढीग एका अंगाने उघडा राहिल्यामुळे पाच अंडी गार पडली होती. बोधिसत्त्वाने ती एकेक करून त्याच्यापुढे ढकलली होती. "यांचे आता काही व्हायचे नाही. तू खा." पिंगियाने ती खाल्ली. खाताना त्याने पक्षिणीकडे पाहिले नाही.

निघताना तो हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमचे हे ऋण कसे फेडू?"

"फेडू नकोस. फक्त ही जागा कोणाला सांगू नकोस. आम्ही उडून जाणारे नाही, आणि ढीगही काखेत मारून नेता येत नाही."

"या उजव्या हाताची शपथ," पिंगिय म्हणाला. "वेत तोडतो तो हा हात. सांगितले तर झडून जावो."

तो गावाच्या वेशीशी पोहोचला तेव्हा त्याच्याच तेराव्याची पंगत बसली होती.

पहिली किंकाळी वाढणाऱ्या बाईची. मग पत्रावळी टाकून सगळे उठले. गावचा मुखिया, ज्याला सगळे गामणी म्हणत, हातातला घास तसाच धरून ओरडला, "थांब तिथेच! वेशीच्या आत पाऊल टाकू नकोस."

"गामणी, अहो मी पिंगिय."

"पिंगियाला आम्ही जाळला. दोन दिवस शोधून तिसऱ्या दिवशी दर्भाचा पुतळा केला, त्याच्या भाऱ्यातला वेत वर ठेवला आणि जाळला. तू कोण ते तू सांग."

"सावली पडते का बघा रे त्याची!" मागून कोणी म्हणाले.

"पाय बघा पाय, उलटे आहेत का?"

"लंगडतोय. म्हणजे एकच उलटा असेल," तिसरा म्हणाला, आणि भीतीतही दोघे-चौघे हसले.

त्या गावाची एक रीत होती. ज्याचा पुतळा जाळला, तो माणूस परत आलाच तर त्याने वेशीबाहेर उभे राहून आपण कसे जगलो ते साऱ्या गावाला सांगायचे, आणि दोघा वडीलधाऱ्यांना ती जागा नेऊन दाखवायची. जागा दाखवली की त्याला सुपात पाय ठेवायला लावून पुन्हा त्याचे बारसे करीत, आणि तो माणसांत येई. नाही दाखवली तर मोहऱ्या फेकून त्याला सीमेपार हाकलीत. मग त्याला हाक मारणाऱ्यालाही वाळीत टाकीत.

"मी गुहेत राहिलो," पिंगिय म्हणाला.

"त्या अरण्यात गुहा?" गामणी म्हणाला. "माझा जन्म गेला तिथे. ढेकळाएवढा दगड नाही आणि म्हणे गुहा. बरे, दाखव."

पिंगिय तीन दिवस वेशीबाहेर गप्प बसून राहिला. कोणी पाणी दिले नाही. मुले लांबून खडे मारत आणि तो "आई गं" म्हणाला की एकमेकांना सांगत, "भुतालाही लागते रे!"

तिसऱ्या दिवशी दुपारी उप्पली आली. तीही दहा पावलांवरच थांबली.

"तुम्हीच आहात का हो?" तिने विचारले.

"मीच आहे गं. जवळ ये आणि बघ."

"येता येत नाही. मी आले तर मलाही घरात घेणार नाहीत." तिने मोकळी मनगटे वर केली. "मी तुमच्या नावाने तीळ सोडले. बायकांनी माझ्या बांगड्या उतरवल्या. आता तुम्ही समोर बसलात आणि मी विधवाच. हे कसले जगणे तुमचे? मेला असतात तर निदान रडून मोकळी झाले असते."

"मी शब्द दिला आहे, उप्पली."

"कोणाला?"

"एका पाखराला."

उप्पली त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि लग्नात माझा हात धरलात, तेव्हा काही बोलला होतात की नाही?"

पिंगियाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. संध्याकाळच्या आत त्याने सगळे सांगितले.

गामणी आणि एक म्हातारा त्याच्याबरोबर नदी उतरून गेले. पक्षी दिसले नाहीत, माणसांची चाहूल लागताच ते झुडपांत शिरले होते. पण ढीग होता. म्हाताऱ्याने त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि भाजल्यासारखा बाहेर काढला. "खरंच की रे! चुलीसारखी आहे माती."

गावात पिंगियाचे बारसे झाले. बायकांनी हसत हसत त्याला सुपात उभे केले आणि त्याचेच नाव त्याच्या कानात सांगितले. उप्पलीने हिरव्या बांगड्या भरल्या. पिंगियाला वाटले, गोष्ट इथेच संपली.

पण गामणीचे डोके दुसरीकडे चालू होते. राजा भद्रसेनाच्या मुलाचे पाय वर्षभरापासून लुळे आणि गार पडले होते. वैद्यांचे लेप, शेक, तेले, सगळे करून झाले होते. गामणी नगरात गेला आणि राजाला म्हणाला, "देव, आमच्या अरण्यात अशी माती आहे की तिने मेलेला माणूस उठला. माणूस बरोबर आणला आहे."

राजाने बारा बैलगाड्या पाठवल्या. गावाने फावडी घेतली. जो माती भरू लागेल त्याला राजाच्या कोठारातून तांदूळ मिळत होता, म्हणून म्हातारीकोतारीही आली. बोधिसत्त्वाचा ढीग एका दिवसात गाड्यांत गेला. राहिलेली चार अंडी फावड्याखाली फुटली. पिंगियाने स्वतः फावडे धरले नाही. तो बैलांना पाणी पाजत होता.

गाड्या नगरात पोहोचायला सहा दिवस लागले. राजपुत्राला मातीत बसवायचे म्हणून सारे अंतःपुर जमले. राजाने स्वतः माती हातात घेतली. ती नदीकाठच्या कुठल्याही मातीसारखी गार होती.

"हीच का ती?" राजाने विचारले.

गामणीने लगेच पिंगियाकडे बोट केले. "देव, याने खरी माती लपवली. हा पहिल्यापासून लपवाछपवी करतो. साऱ्या गावाला विचारा, तीन दिवस तोंड उघडत नव्हता."

राजा मुलाच्या दुखण्याने चिडलेला होता. तो म्हणाला, "अमावस्येच्या आत गरम माती आण. नाही आणलीस तर सुळावर जाशील." आणि त्याने पिंगियाबरोबर सहा शिपाई दिले.

पिंगिय शिपायांसह ढिगाच्या जागी आला. तिथे आता खड्डा होता आणि खड्ड्यात पाणी साचले होते. इथे गरम काहीच उरलेले नव्हते. "गरम माती नाही मिळाली, तर अमावस्येला हा सुळावर," एक शिपाई म्हणाला. पिंगिय खड्ड्याच्या काठावर बसला आणि अरण्याकडे तोंड करून ओरडला, "बाबा! मी सांगितले! मी सांगितले हो!" तो माफी मागत नव्हता, मदतही मागत नव्हता. त्याला दुसरे काही सुचत नव्हते.

वेतांच्या जाळीआड हालचाल झाली. तिथून पक्षिणीचा आवाज आला. ती दबक्या आवाजात बोलत होती, पण पिंगियाला शब्द न् शब्द ऐकू आला.

"जाऊ नका. या जाळीत त्यांना हातही घालता येणार नाही. तो बोलला, त्याचे तो बघेल."

"त्याला दाराबाहेर बसवले होते, ते दोघे म्हातारे बोलत होते तेव्हा ऐकले मी," बोधिसत्त्व म्हणाला. "आपल्याच दाराबाहेर तीन दिवस. मोठमोठ्यांचीही तोंडे उघडतात गं अशा वेळी."

"आणि आपली नऊ अंडी?"

बोधिसत्त्व म्हणाला, "ती गेली. ढीग पुन्हा घालता येतो. माणसाचा जीव पुन्हा घालता येत नाही."

"आणि मी?"

"तू पलीकडचा जुना ढीग राख. त्यात शेजाऱ्यांची अंडी आहेत, आणि नर म्हातारा झाला आहे. पावसाळा संपायच्या आत मी येतो."

मग तो जाळीतून बाहेर आला आणि शिपायांच्या समोर जाऊन उभा राहिला. एका शिपायाने घाबरून भाला उचलला, तर दुसरा म्हणाला, "अरे कोंबडा आहे तो." बोधिसत्त्व पिंगियाला म्हणाला, "ऊठ. मला घेऊन चल."

राजाच्या बागेत त्याने नवा ढीग घालायला घेतला. त्याला पाहून दरबारी हसले, माळी चिडले, कारण झाडलेली बाग तो पुन्हा पाचोळ्याने भरत होता. तो सांगे तसा पिंगिय ओला पाचोळा वाहून आणी. दहाव्या दिवशी ढीग कोमट झाला. अमावस्येच्या आदल्या सकाळी बोधिसत्त्वाने चोच आत घातली, बाहेर काढली आणि म्हणाला, "मुलाला आणा."

राजपुत्र रोज कमरेपर्यंत त्या ढिगात बसू लागला. कधी ऊब चढे, कधी उतरे. बोधिसत्त्व ढिगावरून हलत नसे. महिन्याभराने मुलाच्या पायाचा अंगठा हलला. दोन महिन्यांनी तो भिंतीला धरून चालला.

राजाला आनंद आवरेना. तो म्हणाला, "पक्षिराज, इथेच राहा. तुमच्यासाठी सोन्याची दांडी करतो."

"देव, मी दांडीवर बसत नाही," बोधिसत्त्व म्हणाला आणि त्याने ही गाथा म्हटली.

"ऊब मातीत नसते राजा, राखणाराच ती राखतो।
राखणाऱ्याला उठवी जो, तो मातीच घरी नेतो।।"

राजा लाजला. "मग काय देऊ?"

"त्या अरण्यातल्या ढिगांना कोणी हात लावू नये, एवढे द्या."

राजाने त्याच दिवशी दवंडी पिटवण्याचा हुकूम दिला. बोधिसत्त्वाला पालखीत बसवले, वर छत्र धरले आणि दवंडीवाल्यासह परत पाठवले. पालखीबरोबर पिंगिय चालत होता. सूळ चुकला, राजपुत्र बरा झाला, अरण्यालाही अभय मिळाले. त्याचे मन बऱ्याच दिवसांनी हलके झाले होते. वाटेत तो बोधिसत्त्वाला म्हणाला, "बाबा, शेवटी माझ्या बोलण्याने चांगलेच झाले म्हणायचे." बोधिसत्त्वाने अरण्याच्या दिशेला मान वळवली.

वेशीवर गामणी सामोरा आला. गावातल्या प्रत्येक दाराशी मातीची रास होती.

"हे काय?" पिंगियाने विचारले.

"काय म्हणजे? राजाच्या मुलाला गुण आला, हे काय आम्हाला कळत नाही? गावोगावचे लोक येतात गुडघ्याला लावायला माती न्यायला. तुझ्या बायकोनेही दोन टोपल्या आणल्यात बघ. अरण्यात आता एक ढीग ठेवला नाही आम्ही. शेवटचा तो पलीकडचा, जुना. तिथे एक कोंबडी होती. काय हट्टी रे! बाकीची पाखरे पळाली, ही ढिगावरून हलेना. फावडे उगारले तरी हलेना."

"मग?" पिंगियाने विचारले.

"मग काय? शिजवली," गामणी हसून म्हणाला. "चिवट निघाली."

दवंडीवाल्याला हुकूम होता, म्हणून त्याने ढोल वाजवला आणि अरण्यातल्या ढिगांना कोणी हात लावू नये असे ओरडून सांगितले. लोकांनी ते नीट ऐकून घेतले.

बोधिसत्त्व पालखीतून उतरला आणि चालत अरण्याकडे निघाला. पिंगिय लंगडत त्याच्यामागे गेला. जुन्या ढिगाच्या जागी पोहोचल्यावर त्याने जमिनीवर डोके टेकले. "बाबा, मला शाप द्या."

"तुझ्यावर माझा राग नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "तू निघालास तेव्हा नव्हता, तू बोललास तेव्हा नव्हता, आताही नाही."

पिंगियाच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. ते पाहून बोधिसत्त्व पुढे म्हणाला, "पण राग नाही म्हणजे काही गेले नाही, असे समजू नकोस. मी तुला क्षमा केली आहे. त्याने ती परत येत नाही."

त्यानंतर बोधिसत्त्व त्या अरण्यात एकटा राहिला. दर वर्षी तो ढीग घाली, रोज त्यात चोच घालून पाही, आणि अंडी घालायला कोणी पक्षीण कुठून आलीच तर जागा तयार असावी म्हणून ऊब राखी. पिंगिय अधूनमधून येऊन लांब बसे. कोणी पक्षीण आली नाही. सात वर्षे गेली. आठव्या वर्षी एके सकाळी पिंगिय आला तर ढिगावर कोणी नव्हते. त्याने मातीत हात घातला. ती गार पडत चालली होती.

तो उठला आणि हातांनी पाचोळा ओढू लागला. कोणता पाचोळा, किती ओला, वर माती किती, हे त्याला ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत त्याने कधी विचारले नव्हते. तो रोज नदी उतरून येई, पाचोळा घाली आणि हात खुपसून पाही. पावसाळ्याच्या अखेरीस ढीग खचून जमिनीला मिळाला. तो भुईकोंबडा पुन्हा त्या अरण्यात कोणाला दिसला नाही.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही पूर्वजन्माची गोष्ट एका विहारात सांगितली. तिथे वच्छपाल नावाच्या आजारी भिक्खूला एका थेरांनी, म्हणजे वृद्ध भिक्खूंनी, आपल्या कुटीत ठेवून, आपले पांघरूण देऊन वाचवले होते. बरा झाल्यावर वच्छपालाने त्या कुटीचे असे गुण गायले की दुखणाइतांची रीघ लागली आणि थेरांना थंडीत झाडाखाली राहावे लागले. थेर रागावले नाहीत, तेव्हा वच्छपाल सर्वांना सांगू लागला की त्यात वाईट काहीच झाले नाही.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा पिंगिय म्हणजे आजचा हा वच्छपाल. राजा भद्रसेन म्हणजे ही जागा विहाराला देणारा उपासक. ढिगावरून न हललेली ती पक्षीण म्हणजे माझी पूर्वाश्रमीची पत्नी, राहुलमाता. आणि तो भुईकोंबडा मीच होतो."

गामणी कोण होता, हे त्यांनी सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही. बसलेल्यांपैकी बरेच जण खाली पाहत होते.

मग शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, सोसूनही राग न धरणे, याला क्षांती म्हणतात. ज्याचे गेले त्याने ती पाळावी. ज्याच्यामुळे गेले, त्याने तिच्या सावलीत झोपू नये."

वच्छपाल उठला, कुटीतले थेरांचे पांघरूण घेऊन त्यांच्या झाडाकडे गेला.